तीन नंबरची खिडकी

हिरडगावात भांडणाची कारणं तीनच. नळाचं पाणी, सांस्कृतिक भवनाची तारीख आणि शहराला जाणाऱ्या सकाळच्या बसमधली जागा. पहिल्या दोन कारणांवरून माणसं वर्षानुवर्षं एकमेकांचं तोंड बघत नसत. जागेचं भांडण मात्र रोज सकाळी नव्यानं व्हायचं आणि संध्याकाळी परतीच्या बसमध्ये भाजक्या शेंगांवर मिटायचं.

बस फलाटाला लागायच्या आधीच लोक तिच्या बरोबरीनं धावत आणि खिडकीतून रुमाल, टोपी, पिशवी, जे हाताला लागेल ते आत टाकत. रुमाल पडला की जागा त्याची. हा कायदा कुठल्याही पुस्तकात लिहिलेला नव्हता, पण तो मोडणाऱ्याच्या घरी हिरडगावात कुणी मुलगी दिली नसती. या कलेतले उस्ताद म्हणजे विलास इंगवले, म्हणजेच आप्पा. शाळेत ड्रॉइंग मास्तर होते. खडू फेकून मागच्या बाकावरच्या पोराचा कान नेमका टिपणारा हात. सून प्राजक्ता शहरातल्या ज्युनिअर कॉलेजात शिकवायला जाऊ लागली, त्यात तिला दिवस गेलेले, आणि नवरा विशाल धरणाच्या कामावर तिकडे विदर्भात. तेव्हा आप्पा रोज सकाळी निळ्या चौकटीचा रुमाल घेऊन फलाटावर हजर असत. रुमाल तीन नंबरच्या खिडकीतून आत जाई आणि सूनबाई रमतगमत येऊन बसे. आप्पांनी त्याबद्दल कधी एक शब्द काढला नाही आणि तिनंही कधी आभार मानले नाहीत. घरातल्या घरात कसले आभार!

तर अशा या गावात कवड्या आल्या आणि त्या आणण्यात प्राजक्ताचाच मोठा हात होता. ती अर्थशास्त्र शिकवायची आणि गप्प बसणं तिच्या स्वभावात नव्हतं. नगरपरिषदेच्या सभेत तिनं सरळ सांगितलं, की घेणारे जास्त आणि वस्तू कमी असली की ती कशी तरी वाटावीच लागते. पैशानं वाटली तर गरीब मेला. वशिल्यानं वाटली तर सरळ माणूस मेला. रांगेनं वाटली तर ज्याला घरी काम आहे तो मेला. आणि रुमालानं वाटायची म्हणजे ज्याचा हात लांब त्याची जागा. यापेक्षा बरी रीत आता यंत्रामुळे शक्य आहे. नगराध्यक्षा रुबिना मुजावर या हिशेबी बाई. त्यांनी वर्षभर प्रयोग करून बघू म्हटलं, आणि प्राजक्ताला समितीवर घेऊन तिच्याच गळ्यात सगळं बांधलं.

रीत साधी होती. गावातल्या प्रत्येक मोठ्या माणसाच्या नावावर दर महिन्याला तीनशे कवड्या जमा होत. आमदाराच्याही तीनशे आणि दही विकणाऱ्या मालनकाकूच्याही तीनशे. त्या विकता येत नसत, विकत घेता येत नसत, कुणाला देताही येत नसत. बसमधली जागा, भवनाची तारीख, नेत्रकेंद्रातला नंबर, जे जे सार्वजनिक आणि अपुरं होतं, त्यासाठी आदल्या संध्याकाळपर्यंत फोनवर बोली लावायची. बोली गुप्त. सगळ्यात मोठी बोली ज्याची, वस्तू त्याची. पण गंमत पुढे होती. कवड्या कापल्या जात त्या आपल्या बोलीइतक्या नाहीत, तर दुसऱ्या नंबरच्या बोलीइतक्या.

लोकांना हे आधी पटेना. प्राजक्तानं बसस्टँडवर उभं राहून समजावलं. समजा मला जागा दहा कवड्यांची वाटते आणि मालनकाकूंना सहाची. मी दहा सांगते, जागा मला मिळते, कापल्या जातात सहा. मी चलाखी करून पाच सांगितल्या तर हवी असलेली जागा हातची जाते. उगाच फुगवून वीस सांगितल्या आणि कुणी अठरा सांगून बसलं असलं, तर दहाची जागा अठराला गळ्यात पडते. म्हणजे खरं बोलण्यातच फायदा. आणि शेवटी ती जे म्हणाली ते तिचं तिलाच फार आवडलं होतं: "आपण भरतो ती आपल्या सुखाची किंमत नसते. आपल्यामुळे जो उभा राहिला, त्याच्या इच्छेची असते."

मालनकाकू म्हणाल्या, "म्हंजे मी उभी ऱ्हायले की तुमच्या सहा कवड्या जाणार. बरं हाय की." लोक हसले आणि कवड्या चालू झाल्या.

सीटला कुलूप होतं. ज्याची बोली लागली त्याचा चेहरा ओळखून हिरवा दिवा लागायचा आणि दुमडलेली सीट खाली यायची. आणि न येणाऱ्यांसाठी प्राजक्तानं स्वतः नियम लिहिला होता: बोली जिंकून तीनदा गैरहजर राहिलं, तर वर्षभर खातं बंद. बाकीच्यांना हा नियम जरा जास्तच कडक वाटला होता. ती म्हणाली, पकडायचं कुणी आणि किती जणांना? शिक्षाच अशी हवी की तसं करायचं कुणाला सुचूच नये.

पहिल्या आठवड्यात आप्पा सवयीनं रुमाल घेऊन निघाले तेव्हा तिनं त्यांना दारातच अडवलं. हसत म्हणाली, "आप्पा, रुमालाचे दिवस गेले आता. माझं मी बघते." तिच्या मनात काही नव्हतं. पण आप्पांनी रुमालाची घडी घातली, खिशात ठेवली आणि दिवसभर वर्तमानपत्र उलटं धरून बसले. तसंही त्यांना ते नीट दिसत नव्हतं. डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आला होता. पिवळा आणि पांढरा त्यांना सारखाच वाटे आणि निळ्याचा राखाडी झाला होता. रंगांवर आयुष्य काढलेल्या माणसाचं हे दुखणं किती मोठं, ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं. नेत्रकेंद्रात दिवाळीआधी शस्त्रक्रियेचं यंत्र येणार होतं आणि तातडीचे सोडून बाकीचे नंबर कवड्यांवर मिळणार होते. आप्पा त्यासाठीच कवड्या साठवत होते.

सुरुवातीला सगळं छान चाललं. तीन नंबरची खिडकी प्राजक्ताला चार कवड्यांत मिळे. मग श्रावण संपला तसा भाव चढला. नऊ, चौदा, एकदा एकोणीस. कुणाला तरी तीच खिडकी हवी होती, आणि जीव तोडून हवी होती. प्राजक्ता बसमध्ये एकेकाचा चेहरा निरखू लागली. समोर बसलेले बबनराव चौगुले तर नाहीत? चौगुले शेजारीच राहत, पण त्यांच्या मुलाच्या साखरपुड्यानं आप्पांच्या चित्रप्रदर्शनाची तारीख खाल्ल्यापासून दोन्ही घरांत बोलणं बंद होतं. दर महिन्याला तपासणीला शहरात जाणारा हा माणूस मुद्दाम भाव चढवत असेल, असं तिला दोन-तीन दिवस पक्कं वाटलं. मग तिची तिलाच लाज वाटली.

कवड्या संपत आल्या तशी तिनं बोली उतरवली, आणि एका सकाळी पाहते तो तिच्या खिडकीला लाल दिवा. जागा दुसऱ्या कुणाची तरी होती आणि तो दुसरा कुणीतरी आलाच नव्हता. बस गच्च भरलेली, सीट दुमडलेली, आणि तिला टेकून मालनकाकू दह्याची बरणी सांभाळत शहरापर्यंत उभ्या. काकूंचे गुडघे गेलेले. घाटात वळण आलं की त्या सीटला हात जोडत आणि म्हणत, बसलाय बाबा कुणी देव, आपल्याला दिसत न्हाई येवढंच. बस हसली. प्राजक्ताला हसू आलं नाही. तिच्या रीतीत फुकट जाणारी वस्तू हे सगळ्यात मोठं पाप होतं.

घरी येऊन तिनं आदळआपट केली. आप्पांना म्हणाली, कुणीतरी मेला बोली लावतो आणि येतच नाही, उभं राहून माझी कंबर मोडली. आप्पांचा चेहरा एकदम उतरला. अशा दिवसांत उभी होतीस, त्यांनी दोनदा विचारलं. मग म्हणाले, असेल कुणीतरी नालायक, तू काळजी करू नको, बघतो मी.

दुसऱ्या दिवशी पुन्हा लाल दिवा. त्यानंतर एक दिवस सोडून पुन्हा. गावात बोंब झाली. रिकाम्या सीटचा फोटो घरोघरी फिरला, त्या सीटला कुणीतरी हारही घातला. ज्यांना कवड्या पहिल्यापासून नको होत्या त्यांना आयतं कोलीत मिळालं. मुजावर मॅडमनी समितीची खुली सभा बोलावली. नावं सीलबंद असत. ती उघडायची तर समितीनं ठरवायचं, आणि मॅडमनी प्राजक्ताला आधीच कळवलं की तू म्हणशील तसं करू. उघडू म्हणालीस तर उघडू, नाहीतर पहिली वेळ म्हणून सोडून देऊ.

"उघडायचंच," प्राजक्ता फोनवर ठणकावून म्हणाली.

सभेच्या आदल्या दिवशी दिवेलागणीला ती मागच्या दारी वाळलेले कपडे काढायला गेली. पायरीवर आप्पा पाठमोरे बसले होते. दिसत नसल्यामुळे ते फोनशी बोलूनच सगळी कामं करत. ऐकायला जरा कमी म्हणून बोलणंही खणखणीत.

"उद्याची सकाळची बस," आप्पा फोनला सांगत होते. "जागा नंबर तीन, खिडकी. बोली तीस कवड्या. आणि हे बघ, कालच्यासारखी हयगय नको. पोरगी उभी राहते रोज."

प्राजक्ताच्या हातातली चादर खाली पडली.

ती त्यांच्याशेजारी पायरीवर बसली. आप्पा चोरी पकडली गेल्यासारखे हसले आणि सांगू लागले. रुमाल टाकता येत नाही तर कवड्या टाकू, एवढंच त्यांच्या मनात होतं. इंगवल्यांच्या घरातून बोली गेली म्हणजे जागा इंगवल्यांची. त्यात ती बोली सासऱ्यानं लावली काय आणि सुनेनं लावली काय! आजवर त्यांच्या रुमालावर तीच तर बसत आली होती. रुमाल कुणाचा, असं कधी कुणी विचारलं होतं? तिला सांगितलं नाही, कारण ती म्हणाली होती, माझं मी बघते.

प्राजक्तानं त्यांना समजावून सांगितलं. यंत्र घर ओळखत नाही, एकेकटा माणूस ओळखतं. ती स्वतः बोली लावत होती आणि तिच्याविरुद्ध आप्पा. ती जिंकली की आप्पांच्या बोलीइतक्या तिच्या कवड्या कापल्या जात. आप्पा जिंकले की सीट आप्पांची, म्हणजे रिकामी. ती घरी येऊन कुरकुरली की आप्पा दुसऱ्या दिवशी बोली चढवत.

आप्पा हळूच म्हणाले, "म्हणजे मालनबाई माझ्यामुळे उभी राहिली."

प्राजक्ताला एकीकडे हसू येत होतं आणि दुसरीकडे रडू. गेला महिनाभर ती ज्याला शिव्या घालत होती, तो म्हणजे हा. चौदा कवड्या, एकोणीस कवड्या! तिला बसायला मिळावं, असं कुणाला तरी किती मनापासून वाटत होतं, ते रोजच्या रोज आकड्यात तिच्या समोर येत होतं, आणि अर्थशास्त्राच्या या बाईला ते वाचता आलं नव्हतं. मग तिला तिचाच नियम आठवला. तीनदा गैरहजर. वर्षभर खातं बंद. आणि खातं बंद म्हणजे दिवाळीचा नंबर गेला. पिकलेल्या मोतीबिंदूला वर्षभर थांबवणं चांगलं नव्हे, हे डॉक्टरांनी बजावलं होतं.

एक शब्द टाकला असता तर सगळं निभावत होतं. उद्या सभेत म्हणायचं, जाऊ द्या, पहिलीच वेळ आहे. मॅडम हो म्हणाल्या असत्या. कुणाला कळलंही नसतं. रात्रीच्या जेवणात आमटीला मीठ नव्हतं आणि ते दोघांच्याही लक्षात आलं नाही.

सकाळी आप्पांनीच विषय काढला. धुतलेला सदरा घालून ते तयार बसले होते. म्हणाले, तुझा नियम आहे ना, मग मला सभेला घेऊन चल.

भवन भरलं होतं. मालनकाकू पहिल्या रांगेत, चौगुले शेवटच्या. मुजावर मॅडमनी विचारलं, सील उघडायचं का? प्राजक्ता उभी राहिली. म्हणाली, उघडायची गरज नाही, मला माणूस माहीत आहे. आणि तिनं सगळं सांगितलं. निळ्या रुमालापासून तीस कवड्यांपर्यंत. काही लपवलं नाही. लोक आधी हसले. आप्पा उठून मालनकाकूंकडे वळले, त्या नेमक्या कुठे बसल्यात ते न दिसल्यामुळे जरा भलत्याच दिशेला हात जोडले, तेव्हा हसणं थांबलं. काकूंनी त्यांचा हात धरून बरोबर दिशेला फिरवला आणि म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या मास्तर. माझा सासरा असता तर माझ्यासाठी येक कवडी टाकली नसती त्यानं."

कुणीतरी मागून म्हणालं, शिक्षा माफ करा. प्राजक्ता नाही म्हणाली. स्वतःच्या घरापाशी येऊन नियम वाकला तर तो उद्या कुणाच्याही घरापाशी वाकेल. खातं बंद. मग तिनं दुसरी गोष्ट मांडली. चूक आप्पांची होती, तशी रीतीचीही होती. आपण धरून चाललो की प्रत्येक जण फक्त स्वतःसाठी मागतो. हिरडगावात तर माणसं जन्मभर दुसऱ्यासाठी जागा धरत आली. रीतीत रुमालाला जागा ठेवायला हवी. आपल्या कवड्या दुसऱ्याच्या बोलीत टाकता आल्या पाहिजेत.

मुजावर मॅडम लगेच सावध झाल्या. त्यांनी विचारलं, आणि उद्या पुढाऱ्यानं गल्लोगल्ली फिरून कवड्या गोळा केल्या म्हणजे? देता आलं की विकता येतं.

प्राजक्तानं यावर पहाटेच विचार केला होता. मत विकलं जाऊ नये म्हणून आपण काय करतो? ते गुप्त ठेवतो. मी तुम्हालाच मत दिलं, हे मला सिद्धच करता येत नाही, म्हणून ते विकत घेणाऱ्याला भरवसा नसतो. रुमालही तसाच गुप्त ठेवायचा. कुणी टाकला ते घेणाऱ्याला कळणार नाही, देणाऱ्याला पावती मिळणार नाही. शिवाय नगरपरिषदेच्या खात्यातून यंत्र अधूनमधून कुणाच्याही बोलीत चार कवड्या आपणहून टाकेल. मग आलेला रुमाल माझाच, असं छातीठोकपणे कुणालाच सांगता येणार नाही. सांगता येत नाही ते विकणार कसं?

मॅडमनी बराच वेळ पेनाचं टोपण चघळलं. मग त्यांनी हात वर केला आणि त्यांच्यामागे समितीनं. जाता जाता एक गोष्ट त्यांनी स्वतःच घातली: बंद खात्यातून दुसऱ्याला रुमाल टाकता येणार नाही, पण दुसऱ्यानं त्या खात्यासाठी टाकलेला रुमाल घेता येईल.

दसऱ्यानंतर नेत्रकेंद्राची बोली उघडली. आप्पांच्या खात्यात स्वतःची एक कवडी चालत नव्हती. प्राजक्तानं आपल्याजवळ उरलेल्या सगळ्या टाकल्या, विशालनं सुटीवर आल्या आल्या त्याच्या टाकल्या. हिशेब केला तर शेवटच्या नंबरालाही त्या पुऱ्या पडत नव्हत्या. ती निकालाच्या वेळी फोन पालथा घालून भाजी निवडत बसली. आप्पा म्हणाले, बघ तरी. तिनं बघितलं. दिवाळीआधीच्या आठवड्यातला, पहिला नंबर. शेजारी यंत्रानं एक छोटा रुमाल काढला होता आणि त्यात आकडा लिहिला होता. तिनं आणि विशालनं टाकलेल्या कवड्या त्या आकड्याच्या चवथाईही नव्हत्या. कुणाच्या कवड्या, किती जणांच्या, काही कळायला मार्ग नव्हता. तो मार्ग तिनंच बंद केला होता.

आप्पा म्हणाले, "अगं पण मी आभार कुणाचे मानू?"

"ते नाही सांगत यंत्र," ती म्हणाली, आणि पदर डोळ्याला लावला.

पट्टी निघाली त्या सकाळी आप्पांनी पहिल्यांदा खिशातला रुमाल काढून बघितला. निळा होता. ते तो उलटसुलट करून बघत राहिले. मग सदरा चढवून, काळा चष्मा लावून तिच्याबरोबर बसस्टँडवर आले. तेव्हापासून रोज येतात. बसमध्ये चढणाऱ्या एकेकाला हात जोडून नमस्कार करतात. मालनकाकूंना, कॉलेजच्या पोरांना, ड्रायव्हरला, नव्यानं बदली होऊन आलेल्या तलाठ्यालाही, ज्याचं तेव्हा गावात पाऊलही पडलेलं नव्हतं. कुणी टाकल्या ते माहीत नाही, म्हणून सगळ्यांनाच. पहिल्या दिवशी लोक संकोचले. आता तेही आधीच हात जोडतात, आणि ज्यांनी कवडीही टाकली नव्हती ते जरा जास्तच वाकून जोडतात.

प्राजक्ता वाढत्या पोटावर हात ठेवून आपल्या खिडकीतून हे बघते. भाव पुन्हा चारवर आलाय. कधी कधी तोही कापला जात नाही आणि दिव्याशेजारी छोटा रुमाल दिसतो. आप्पांचं खातं अजून बंद आहे, तेव्हा तो त्यांचा नाही, एवढं नक्की.

महिन्याच्या तपासणीला निघालेले बबनराव चौगुले त्या दिवशी रांगेत शेवटी होते. आप्पांनी चष्मा काढला, नव्या डोळ्यांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि हात जोडले. चौगुल्यांनी मागं वळून बघितलं. मागं कुणी नव्हतं. मग त्यांनी पिशवी काखेत धरली आणि दोन्ही हात जोडले.

त्यांनी कवड्या टाकल्या असतील, नसतीलही. यंत्र सांगत नाही. बस सुटली तेव्हा दोघं म्हातारे फलाटावरच बोलत उभे होते, आणि चौगुल्यांची सीट शहरापर्यंत रिकामी गेली.